फिर्याद आणि दाद

(एका स्मृति-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



सबंध हयात न्यायखात्याच्या नोकरीत घालविलेल्या मजसारख्या माणसाने मानसिक आरोग्यासारख्या विषयावर बोलावयास उभे राहावे, यात काहींना अनधिकार चेष्टेचा वास येण्याचा संभव आहे, आणि तो आल्यास मी त्यांना दोष देणार नाही. मी वैद्य नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. परंतु इतरांनी बोलावयाचे आणि आपण ऐकावयाचे, हा धंदा ज्याने पस्तीस वर्षे केला, त्याला संकटातील मनुष्य कसा बोलतो, बोलता बोलता त्याचे काय होते आणि त्याला बोलू दिले नाही म्हणजे काय होते, याविषयी चार शब्द सांगण्याइतका अधिकार असावा, अशी माझी नम्र समजूत आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गुरुजी मला मराठी चौथीत शिकवीत होते. त्यांची शाळेतील कीर्ती आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्यांची जी दुसरी शाळा संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर भरत असे, ती पाहिलेली माणसे आता फारशी उरली नसतील. दिवेलागणीनंतर ओसरीवर एक बैठे मेज मांडले जाई, त्यावर दौत, टाक आणि कोऱ्या कागदांचा दस्ता असे, आणि ज्यांस लिहिता येत नव्हते, किंवा येत असूनही सरकारदरबारी लिहिण्याची धास्ती वाटे, अशी माणसे तेथे अर्ज लिहून घेण्यास येत. तगाईचा अर्ज, वारसनोंदीचा, मोजणीचा, शेजाऱ्याने पाट अडविल्याचा, नवऱ्याने नांदविण्यास नकार दिल्याचा. विषयांस तोटा नव्हता. कंदील धरण्याचे आणि कागदाची घडी घालण्याचे काम माझ्याकडे असे.

येणारा मनुष्य बहुधा शेवटापासून सुरुवात करी. ‘आता जगण्यात काही राम उरला नाही,’ हे त्याचे पहिले वाक्य असे, आणि पाट कोणी व केव्हा अडविला हे घटकाभराने कळे. गुरुजी त्याचे सांत्वन करीत नसत; उपदेश तर मुळीच करीत नसत. ‘पहिल्यापासून सांगा,’ एवढे म्हणत, मधूनमधून ‘मग?’ म्हणत, आणि सारे सांगून झाले म्हणजे ‘आता तुमचे मागणे काय, ते एका ओळीत सांगा,’ असे म्हणून टाक उचलीत. लिहून झाल्यावर सबंध मजकूर ते संथपणे, मोठ्याने वाचून दाखवीत आणि समोरच्याने मान डोलाविल्यावर सही किंवा अंगठा घेत. येथवर नवल करण्यासारखे काही नाही. नवल पुढेच आहे. त्यांतील कितीतरी अर्ज कचेरीपर्यंत पोहोचतच नसत. मनुष्य अंगठा उठवी, कागद हातात घेई, थोडा वेळ तसाच बसून राही, मग घडी बंडीच्या खिशात ठेवी आणि ‘राहू द्या गुरुजी, उद्या मीच त्याच्याशी बोलून बघतो,’ असे म्हणून निघून जाई. गुरुजींचा कागद आणि तासभर वेळ फुकट गेला, याची मला त्या वयात फार हळहळ वाटे. तो फुकट गेला नव्हता, हे उमजण्यास मला न्यायासनावरची पस्तीस वर्षे आणि निवृत्तीनंतरचे बरेचसे वाचन लागले. आणि जे उमजले तेच आज आपणांपुढे मांडणार आहे.

२

आमच्या धंद्यातील माणसास शब्दाचा अर्थ आधी निश्चित करून घेण्याची खोड असते. ती आपण क्षणभर सहन करावी. फिर्याद हा शब्द आपल्या कचेऱ्यांत फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक, आर्त आक्रोश, असा आहे. स्टँप, क्रमांक आणि तारीख हे अलंकार त्याच्या अंगावर मागाहून चढले. कैफियत म्हणजे मुळात अवस्था. प्रतिवादीच्या लेखी म्हणण्यास आम्ही आजही कैफियत म्हणतो, तेव्हा ‘माझी अवस्था ही अशी आहे’ एवढेच तो बिचारा सांगत असतो, हे आमच्या ध्यानात राहत नाही. आणि दाद म्हणजे न्याय. गंमत अशी की, हा एकच शब्द मराठीने दोन अगदी निराळ्या ठिकाणी नेऊन बसविला आहे. न्यायालयात आपण दाद मागतो आणि गाण्याच्या बैठकीत आपण दाद देतो. एखादी अवघड जागा गवयाने लीलया घेतली आणि समोरून ‘वाहवा’ आली, म्हणजे त्या उद्गाराने गाण्यात एका स्वराचीही भर पडत नाही. स्वर पोहोचला, एवढीच ती पोच असते. परंतु ती पोच मिळाली नाही तर तोच गवई तासाभरात कोमेजून जातो.

दक्षिण कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात ते ज्यांनी ऐकले असेल त्यांस मी काय म्हणतो ते अधिक चांगले कळेल. एक जण साऱ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी भोवती जमलेली मंडळी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवाचे उत्तर केव्हा यावयाचे ते देव जाणे. शेजाऱ्यांची पोच मात्र वाक्यागणिक मिळत असते. आजीची गोष्ट ऐकताना नातवंडांचे ‘हूं’ थांबले म्हणजे आजीही थांबते, त्यातले मर्म हेच आहे.

माझे आजचे प्रतिपाद्य फिर्याद आणि दाद या दोन शब्दांत सामावलेले आहे. ताणाखाली दबलेल्या मनुष्यास बोलण्याने जो आराम पडतो, तो त्याच्या आक्रोशाला हकीकतीचे रूप येते आणि ती हकीकत दुसऱ्या कोणाकडे जशीच्या तशी पोहोचल्याची दाद मिळते, म्हणून पडतो. या दोहोंपैकी एक जरी गोष्ट उणी असली तर बोलणे निष्फळ होते, आणि क्वचित अपायकारकही होते.

३

नोकरीच्या आरंभीच्या काळात एका तालुक्याच्या कोर्टात माझ्यापुढे बांधाच्या हद्दीचा एक दावा चालला. वादी सत्तरीचा शेतकरी होता. जमीन सारी दोन हात रुंदीची. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहताच त्याने त्या बांधावरच्या बाभळीपासून प्रारंभ केला, मग बाभूळ लावणाऱ्या वडिलांवर आला, मग वडील वारले त्या सालच्या दुष्काळावर. त्याचे वकील खुणा करून थकले. माझ्या हाताशी त्या दिवशी काम थोडे होते, एवढ्याच क्षुल्लक कारणाने मी त्याला अडविले नाही. पुढे मोजणीच्या नकाशावरून दावा त्याच्याविरुद्ध गेला. निकालानंतर तो अपील करील अशी माझी अपेक्षा होती; त्याने केले नाही. शिरस्तेदाराने चौकशी केली तेव्हा, ‘साहेबांनी माझं समदं ऐकून घेतलं, आता काय राहिलं,’ असे तो म्हणाल्याचे मला कळले. याच्या उलट अनुभवही पुष्कळ आला. दावा जिंकलेला पक्षकार वकिलाशी भांडत बाहेर पडताना मी पाहिला आहे; कारण ज्या एका वाक्यासाठी तो चार वर्षे तारखा करीत होता, ते वाक्य ‘असंबद्ध’ म्हणून त्याला बोलूच दिले गेले नव्हते.

हा माझा एकट्याचा भ्रम नाही, हे मला पुढे वाचनातून कळले. १९९० साली लिंड, कॅन्फर आणि अर्ली या तिघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक काम देऊन त्याचे किती उद्दिष्ट गाठावयाचे ते वरून ठरविण्यात आले. काहींना ठरण्यापूर्वी आपले म्हणणे मांडू दिले, काहींना मुळीच मांडू दिले नाही, आणि काहींना निर्णय होऊन गेल्यावर, म्हणजे त्याचा काडीचाही उपयोग नसताना, मांडू दिले. ज्यांना आधी बोलता आले त्यांना ती रीत सर्वांत न्याय्य वाटली, हे अपेक्षितच होते. पण निर्णयानंतर बोलावयास मिळालेल्यांनाही ती मुळीच न बोललेल्यांपेक्षा अधिक न्याय्य वाटली. ‘दुसऱ्या पक्षाचेही ऐका’ हे नैसर्गिक न्यायाचे जुने सूत्र आम्ही निर्णय अचूक व्हावा म्हणून पाळतो. ते माणूस शाबूत राहावा म्हणूनही पाळावयाचे असते, हे या प्रयोगाने दाखविले.

४

आता हे आत, मनाच्या कचेरीत, कसे घडते ते पाहू. आपण मराठीत मन मोकळे करणे म्हणतो, मन हलके करणे म्हणतो, पोटातले ओठांवर आणणे म्हणतो. या साऱ्या वाक्प्रचारांमागे एकच चित्र आहे: मन म्हणजे घागर, दुःख म्हणजे तीत साचलेले पाणी, आणि बोलणे म्हणजे घागर उपडी करणे. पश्चिमेकडेही हेच चित्र होते. व्हिएन्नाचे डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात एका बुद्धिमान तरुणीवर उपचार केले. ती आपल्या त्रासाच्या एकेका लक्षणाचा उगम सांगत जाई आणि तेवढ्यापुरते ते लक्षण ओसरे. या पद्धतीस ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले, आणि थट्टेत ती त्याला ‘धुराडे झाडणे’ म्हणे. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली ही हकीकत ग्रंथरूपाने छापली आणि तिथून ती जगभर पसरली. पण हे उपचार थांबल्यानंतर त्या तरुणीस पुन्हा आरोग्यधामांत राहावे लागले, हे सांगावयास पुष्कळ जण विसरतात. बेर्था पापेनहाइम हे तिचे नाव. पुढे ती जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीची अग्रणी झाली आणि १९०४ मध्ये तिने त्यांची संघटना उभारली. धुराडे झाडून घर राहण्याजोगे होते खरे. घर बांधावे लागते ते वेगळेच.

बेल्जममधील लूव्हाँ विद्यापीठाचे बर्नार रीमे यांनी, बोलल्याने दुःख खरोखरच ओसरते का, या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. मनास हलवून टाकणारा प्रसंग घडला म्हणजे बहुतेक सारी माणसे तो कोणास तरी सांगतात, बहुधा त्याच दिवशी सांगतात, हे त्यांना आढळले. त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य हे की, नुसते सांगितल्याने त्या प्रसंगाच्या आठवणीची धग मोजण्याजोगी कमी होत नाही. तरीही सांगणारा शपथेवर सांगतो की मला बरे वाटले. म्हणजे बरे वाटणे एक, आणि बरे होणे दुसरे. पहिले कोणी आपुलकीने ऐकले म्हणजे मिळते. दुसऱ्यासाठी त्या प्रसंगाकडे पाहण्याची जागा थोडी बदलावी लागते.

ती जागा कशी बदलते, याचा एक सुगावा अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर यांच्या कामात सापडतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंगाविषयी लिहिले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते लिहून उठले तेव्हा अधिकच खिन्न होते. परंतु पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी त्यांनी इतरांपेक्षा कमी वेळा चढली. नंतर त्या व तशा इतर लेखनांतील शब्द मोजण्यात आले, तेव्हा ज्यांना अधिक लाभ झाला त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येते’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेलेले दिसले. हे वाचले त्या रात्री मला गुरुजींची ओसरी आठवली. अर्जाचा मायना आपणांस ठाऊक आहे. हकीकत संपते, आणि मग नव्या ओळीवर एक शब्द येतो: ‘सबब’. सबब म्हणजे कारण. हकीकत आणि मागणे यांच्यामधला हा तीन अक्षरी पूल आहे. ‘आता जगण्यात राम नाही’ या वाक्यापाशी आलेला मनुष्य ‘सबब विनंती की, पाटाची पाहणी व्हावी’ या वाक्यापर्यंत पोहोचला, म्हणजे त्याचे संकट आभाळाएवढे होते ते पाटाएवढे झाले. अर्ज कचेरीत गेला किंवा न गेला, हा प्रवास झालेला होता.

ताण याचा अर्थ तरी काय? जे करावयाचे आहे ते आपल्या बळापलीकडचे वाटणे. आणि एकट्याने विचार करणाऱ्या मनुष्यास ते बळापलीकडचेच वाटत राहते. कारण एकांतातील विचारास आरंभ नसतो आणि सबब नसते. तो घाण्याच्या बैलासारखा फिरतो. दुसऱ्यास सांगावयाचे म्हटले की आधी काय, मग काय, हा क्रम लावावा लागतो. ऐकणारा परका असतो, त्याला सगळे ठाऊक नसते, आणि त्याच्या या अज्ञानाचेच मोठे उपकार होतात.

५

येथवर ऐकून कोणी घरी जाऊन आपल्या दुःखी आप्तास ‘बोल, बोल’ म्हणून धरून बसेल, म्हणून नाण्याची दुसरी बाजू सांगणे भाग आहे. अपघात किंवा आपत्ती यांतून वाचलेल्या माणसांस लगेच, एकाच बैठकीत, साऱ्या प्रसंगाची उजळणी करावयास लावण्याची एक पद्धत १९८० नंतर फार लोकप्रिय झाली होती. हेतू थोर होता. कार्डिफ येथे भाजून जखमी झालेल्या रुग्णांवर तिची पद्धतशीर परीक्षा झाली आणि १९९७ साली निष्कर्ष छापून आले: तेरा महिन्यांनी, ज्यांची अशी बैठक घेतली होती त्यांच्यापैकी शेकडा २६ जणांना आघातजन्य मनोविकार होता, आणि ज्यांना त्यांच्या वाटेने सोडून दिले होते त्यांच्यापैकी शेकडा ९ जणांना. बैठक मिळालेल्यांच्या जखमा मुळातच काहीशा अधिक होत्या, तरी बैठकीने फायदा झाल्याचे दिसले नाही, हे निश्चित. आज अशी एकरकमी उजळणी सरसकट करू नये, असेच जाणकार सांगतात. आम्हां न्यायखात्यातील लोकांना हे नवे नाही. जबरदस्तीने घेतलेला जबाब पुराव्यात घेऊ नये, साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालणारा सूचक प्रश्न त्याच्याच वकिलाने विचारू नये, हे नियम आमच्याकडे जुने आहेत. जखम ओली असताना मनुष्यास सोबत हवी असते, चहा हवा असतो, घरी निरोप पोहोचवणारा कोणी हवा असतो. जबाब त्याला हवा तेव्हा तो देईल.

दुसरा धोका याच्या उलट आहे. १९८० नंतरच्या बैठकीत बोलणे लादलेले होते. मैत्रीत ते आपखुशीचे असते, पण त्याला शेवट नसतो. अमेरिकेतील अमँडा रोज यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच अडचण दोघांनी पुन्हापुन्हा चघळावयाची, तिच्या वाईटातल्या वाईट शक्यता मोजावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू करावयाचे, अशी सवय असलेल्या मुलांची मैत्री इतरांहून घट्ट होती. आणि त्यांच्यात चिंता व उदासीनताही अधिक होती. याला आपण जोडीने केलेले रवंथ म्हणू. येथे दाद भरपूर आहे, किंबहुना नको तितकी आहे. सबब मात्र येत नाही. फिर्याद रोज नव्याने दाखल होते आणि मागण्याचे कलम कोरेच राहते.

६

मग हितकर बोलणे कोठे घडते? आपल्याच घरातील एक जागा आधी सांगतो, कारण ती आता नाहीशी झाली आहे. पहाटेच्या अंधारात दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंस समोरासमोर बसत. सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेले मूल, दूर गेलेला भाऊ. जे दिवसा उजेडी तोंडातून काढण्याची सोय नव्हती ते ओवीतून निघे. एकीने उचललेली ओवी दुसरी पुरी करी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमविल्या, त्या चाळल्या म्हणजे ही केवढी मोठी फिर्याद होती ते दिसते. पाहा, येथे सारे आहे. ओवीचे माप असल्यामुळे आक्रोशाला आकार आहे. समोरचीने खुंट्याला हात लावलेला असल्यामुळे पोच आहे. आणि पीठ पुरे झाले की उठावयाचे असल्यामुळे शेवटही आहे. पिठाची चक्की आली, बायकांचे खांदे सुटले, हे चांगलेच झाले. जुने कष्ट परत यावेत अशी इच्छा करण्याचा आम्हां पुरुषांना तर मुळीच अधिकार नाही. परंतु कष्टाबरोबर ती बैठकही मोडली आणि तिच्या जागी आपण काही मांडले नाही, एवढे तरी कबूल करावे.

लंडनच्या कँबरवेल भागातील स्त्रियांचा जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ साली ग्रंथरूपाने निघाला. मोठे संकट कोसळल्यावर कोण खचते आणि कोण तग धरते, याचा शोध घेताना त्यांना असे आढळले की, जिला जिवाभावाने सांगता येईल असे एकही माणूस जवळ नाही, ती खचण्याचा धोका पुष्कळच अधिक. त्याच लंडनमध्ये १९५३ साली चॅड वराह नावाच्या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या उंबरठ्यावरील लोकांसाठी दूरध्वनी ठेवला. लोक इतके येऊ लागले की ताटकळणाऱ्यांना चहा देण्यास त्यांनी स्वयंसेवक बसविले. आणि पुष्कळ जण त्या साध्या माणसांशी बोलूनच, आतल्या उपदेशकाची गाठ न घेता, शांत होऊन जातात असे त्यांना दिसून आले. ऐकणे ही विद्या असली तरी ती पदवीधरांचीच मिरास नव्हे, ही त्यातली शिकवण.

या शिकवणीचे सर्वांत सुंदर रूप मला झिंबाब्वेच्या हरारे शहरात दिसते. अख्ख्या देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, म्हणून त्यांच्यापैकीच एक, डॉ. डिक्सन चिबांडा, यांनी २००६ साली चौदा आज्यांना हाताशी धरले आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकडी ठेवून त्यांवर त्यांस बसविले. तेथील शोना भाषेत उदासीनतेच्या व्याधीस ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. अर्थ, फार विचार करणे. आजी आधी सगळे ऐकते; मग अनेक अडचणींतून एक निवडावयास सांगते; मग त्या एकीवर पुढल्या भेटीपर्यंत काय करता येईल ते रुग्णाकडूनच वदवून घेते. अशा सहा बैठका, आणि त्यानंतर स्त्रियांच्या गटात बसून टाकाऊ वस्तूंतून पिशव्या विणणे. माझ्या डोळ्यांपुढे ओसरी आणि जाते दोन्ही एकदम उभी राहतात. २४ दवाखान्यांतील ५७३ लोकांवर याची कसून तपासणी झाली आणि तिचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनी नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत उदासीनतेची लक्षणे कायम होती, बाकड्यावर बसलेल्यांत शेकडा सुमारे १४ जणांतच.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारी गोव्यात १९९६ साली स्थापन झालेली ‘संगत’ ही संस्था हेच काम करीत आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या परंतु नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी, तीव्र उदासीनतेने ग्रासलेल्या माणसांशी सहा ते आठ वेळा बसून बोलावयाचे आणि त्यांच्या दिनक्रमात लहानलहान करण्याजोग्या गोष्टी पुन्हा आणावयाच्या, असा प्रयोग ४९५ लोकांवर झाला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जण रोगलक्षणांतून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी शेकडा ३९. आणि आमच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत, गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या विषयावर बोलावयास आरंभ केला, तेव्हा उदासीनतेने पीडित असून कोणाकडे तरी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. ‘डिप्रेशन’ हा शब्द जेथे कोणी उच्चारणार नाही तेथे ‘टेन्शन’ हा शब्द सारे उच्चारतात. हा परभाषेतला शब्द आमच्या खेडुतांनी आपलासा केला, तो फिर्यादीचे दार किलकिले करावयास सोपा पडतो म्हणून.

७

कायद्याविषयी न बोलता मी खाली बसलो तर तो माझ्या धंद्याशी द्रोह होईल. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबईच्या एका पोलीस शिपायाने, जो अपघातानंतर मनाने आजारी झाला होता, उपजीविकेसाठी दुकानाची परवानगी न मिळाल्यामुळे महानगरपालिकेच्या कचेरीतच स्वतःस पेटवून घेण्याचा यत्न केला. राज्याने त्याला आरोपी केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलमच घटनाबाह्य ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच कौल दिला आणि १९९६ मध्ये तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने असे सांगितले की, उलट सिद्ध न झाल्यास असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य समजावे. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या न्याय संहितेत तर जुने कलम त्या सर्वसाधारण रूपात उरलेलेच नाही. ज्या कृत्याला कायदा इतकी वर्षे अपराध मानीत आला, ती मुळात फिर्याद होती, हे समजावयास त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

फिर्यादीला दाद मिळाली म्हणजे सारे झाले, असेही मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावरील इतर हक्कात चढलेला कर्जाचा बोजा त्याच्याशी गोड बोलल्याने उतरत नाही. तो उतरविण्यास पैसा आणि न्याय्य धोरण लागते, आणि त्यांच्या जागी समुपदेशन देऊ करणे ही शुद्ध फसवणूक होय. तसेच, ज्याची झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच उडाली आहे, त्याला शेजाऱ्याच्या ओसरीबरोबर डॉक्टरही लागतो. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आपल्या प्रत्येकाच्या घरात लिहिलेला असावा. आणि ऐकणाऱ्याने ऐकलेले पोटात ठेवावे. चावडीवर फुटलेल्या फिर्यादीसारखा दुसरा विश्वासघात नाही, आणि तो एकदा झाला की तो मनुष्य पुन्हा कोणाच्याही ओसरीची पायरी चढत नाही.

८

आता त्या ओसरीकडे एकदा जाऊन मी आपली रजा घेतो. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबाच्या अखेरीस एक ठरलेले वाक्य असते. हजारो कागदांच्या तळाशी ते मी वाचले आणि वाचता वाचता ते दिसेनासे झाले: ‘सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ गुरुजी अर्ज लिहून झाल्यावर वाचून दाखवीत, ते मला तेव्हा कारकुनी वाटे. अमेरिकन मानसतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास समुपदेशनाची जी रीत घालून दिली, तिच्यात समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत ऐकविणे आणि ते त्याच्या मनाशी जुळते की नाही ते पाहणे, यास फार मोठे स्थान आहे, हे मी निवृत्तीनंतर वाचले.

एका संध्याकाळचे मला स्पष्ट आठवते. एक विधवा बाई दिराने घरातून काढल्याचा अर्ज लिहवून घ्यावयास आली होती. गुरुजींनी वाचून दाखविले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘एक राहिलं, गुरुजी. त्यानं माझी तुळस उपटली.’ कचेरीच्या दृष्टीने त्या वाक्याचे मोल शून्य होते. कोणत्याही मामलेदाराने ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या असत्या. गुरुजींनी अर्ज बाजूस ठेवला, नवा कागद घेतला, आणि सारा मजकूर पुन्हा पहिल्यापासून लिहून काढला. तुळशीची ओळ त्यांनी ‘सबब’ या शब्दाच्या बरोबर आधी घातली. मग वाचून दाखविले. बाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आता बरोबर आहे.’

तो अर्ज कचेरीत गेला, की घडी होऊन तिच्या ट्रंकेत राहिला, ते मला ठाऊक नाही. कंदील माझ्या हातात होता. तिने अंगठा नीट उठवावा म्हणून मी तो थोडा खाली धरला, एवढेच स्मरते.